परखी लागलेला मदरबोर्ड

पहिल्याच भेटीत या माणसानं माझा पेन ड्राइव्ह चावला.

रिसोडला मार्केटच्या रस्त्यावर एका घराखालचा गाळा भाड्यानं मिळतोय असं कळलं, म्हणून मी गेले होते. लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते, अल्बम बनवते, असं सांगितलं आणि नमुना म्हणून पेन ड्राइव्ह घरमालक काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटापालटा केला, कानाजवळ हलवला, मग सरळ दाढेखाली धरून कट्‌कन दाबला.

"ओल नाई," म्हणाले. "चांगला वाळेल हाये. कुठून आनला?"

काका म्हणजे जन्मभर सोयाबीनचे अडते. दाणा दाढेखाली वाजला तर कोरडा, दबला तर ओला, हे त्यांचं यंत्र. मार्केट सुटलं, पण यंत्र तोंडातच राहिलं. नवी किल्ली आली की चावायचे, शर्टाचं बटण चावायचे, एकदा तर सोयऱ्याकडून आलेली लग्नपत्रिका कोपऱ्यात चावून "कागद बरा हाये" म्हणाले. काकू म्हणायच्या, "माह्यं नशीब, मले पाहाले आले तवा याईची माय संगं होती!"

भाडं ठरवायची वेळ आली तेव्हा काकांनी खांद्यावरचा पांढरा दुपट्टा दोघांच्या मधे धरला आणि म्हणाले, "आन हात."

मी दोन पावलं मागं. परका माणूस, कापडाखाली हात काहून मागतो? दारात काकू तूर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे वं बाई, काई नाई करत. भाव करून राह्यले ते."

त्यांच्या उमेदीत सौदा असाच व्हायचा. घेणारा आणि विकणारा दुपट्ट्याखाली हात मिळवणार, कोणती बोटं धरली, किती दाबली, त्यावरून भाव कळणार, आणि बाजूला उभ्या माणसाला काही म्हणता काही समजणार नाही. मग मार्केट कमिटीनं ते बंद केलं आणि उघड लिलाव आला. काकांना तो कधीच पटला नाही. "सौदा म्हंजे काय नळावरचं भांडन हाये, ओरडाले?" असं म्हणायचे. लिलावात पुढं कित्येक वर्षं त्यांनी धंदा केला, पण खांद्यावरचा दुपट्टा उतरवला नाही. त्याखाली हात घालणारं कोणी उरलं नव्हतं, हेच त्यांचं खरं दुखणं होतं, आणि ते दुखणं त्यांनी सगळ्या गावाला लावलं. न्हाव्याला म्हणायचे हात आन. डॉक्टरला म्हणायचे हात आन, आणि डॉक्टर बिचारा नाडी पाहायचा. एसटीच्या कंडक्टरला सुद्धा सोडलं नाही. तिकिटावर भाव छापलेला असतो हो!

माझं भाडं तसंच ठरलं. मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. घाबरून मी त्यांची सगळी बोटं एकदम आवळली. काका चाट पडले. "भल्ली पक्की हाये ही!" असं काकूंना म्हणाले आणि बाजारभावापेक्षा कमी भाडं सांगून मोकळे झाले. मी काय बोलून गेले ते मला आजही माहीत नाही.

हात देणारं घरातलं एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. रोज सकाळी दुसऱ्या चहाचा सौदा व्हायचा. काका ओट्यावर दुपट्टा धरून बसायचे. काकू यायच्या, हात आत घालायच्या, तोंड रस्त्याकडं, चेहऱ्यावरची रेष हलत नसे. थोडा वेळ कापड वळवळायचं. मग हात काढून काकू वर निघून जायच्या आणि काका मला सांगायचे, "अर्ध्या बशीवर येऊन तुटला." त्यांना साखरेचा त्रास होता, त्यामुळे तो सौदा जुळलेला मी कधी पाहिला नाही. तरी रोज बसायचे.

आता परखीचं सांगते, कारण सगळा घोळ तिनंच केला. परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. अडत बंद झाल्यावर माणसानं ती खुंटीला अडकवावी की नाही? नाही. काका ती पिशवीत घेऊन हिंडायचे. बंद वस्तू दिसली की हात आपोआप पिशवीत जायचा. माझ्या एडिटिंगच्या खुर्चीच्या गादीत त्यांनी एक दिवस परखी घातली, फिरवली, काढली, तळहातावर आतला कापूस पाहिला आणि "भेसळ हाये" म्हणून निघून गेले. खुर्चीला अजून ते छिद्र आहे. मी भांडले तर म्हणतात, "तुलेच कळलं पायजे, कशावर बसून राह्यली ते."

तर अशा माणसाच्या गाळ्यात, तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं असताना, माझं मशीन जळालं. मदरबोर्डच गेला. जळका वास आला, पडदा काळा, खेळ खलास. तुळशीचं लग्न झालं की आमची लग्नं सुरू होतात, आणि पहिलंच मोठं काम मानोऱ्याकडचं होतं. दोन कॅमेरे, वर ड्रोन, आणि नवरीच्या मामानं माझ्याकडून कबूल करून घेतलेलं की सकाळी लग्न लागलं की संध्याकाळी स्वागताला मोठ्या पडद्यावर त्याच लग्नाचा व्हिडिओ दिसला पाहिजे. इतका माल कार्डातून मशीनमध्ये उतरवायचा, कापायचा, जोडायचा, गाणं चढवायचं, तेही एका दुपारीत. हे जमलं तर त्या बाजूच्या तांड्यातांड्यांतली लग्नं माझी. फसलं तर ती सगळी कामं दुसऱ्याच्या पदरात जाणार, आणि माझी अब्रू मामा मांडवातच काढणार.

वाशीमच्या एका दुकानात दोन बोर्ड मिळत होते. एक मधला. दुसरा भारीतला, त्याच्या दुपटीहून महाग. भारीतल्याच्या पाठीमागं वेगवान टाइप-सीची दोन दारं, म्हणजे वायर खुपसायच्या जागा होत्या, इंटरनेटच्या वायरीचं, म्हणजे लॅनचं, दहापट वेगाचं दार होतं, नव्यातल्या नव्या वायफायचे दोन अँटेना होते. मला भारीतला हवा होता. झोपेत सुद्धा ती दोन टाइप-सीची दारं दिसायची.

काकांना वास लागला. भाव दोन, माल एक, आणि विकत घेणारी बाई घाईत! सेवानिवृत्त अडत्याला याहून काय पाहिजे? त्यांनी माझ्याकडून दोन्ही बोर्डांच्या पाठीचे रंगीत फोटो छापून घेतले, टेबलावर मांडले आणि खिशातून मूठभर सोयाबीन काढलं.

"आता सांग. ह्या दारात कोन येनार?"

"माउस."

त्या दारावर एक दाणा ठेवला.

"ह्याच्यात?"

"कीबोर्ड. इकडं कार्ड रीडर. हा प्रिंटर."

दाणे बसत गेले. मग काकांचं बोट माझ्या लाडक्या दारांवर आलं.

"आन हे?"

"हे लय फास्ट असतेत काका. याच्यात नवीन एसएसडी लावली का आख्खं लग्न चहा होईस्तोवर उतरते."

"कोनाचा चहा? तुह्या काकूचा का हॉटेलचा? काकूच्या चहाले पोळा निघून जाते."

"हॉटेलचा!"

"आन ते एसएसडी हाये का तुह्याकडं?"

"घेईन ना."

"मंग दाना नाई." त्यांनी दाणा परत खिशात टाकला. "पाहुना आला का दार पाडू. आतापासून काहून?"

"काका, हे भिंत नोहे! मागून दार पाडाचं म्हंजे वेगळं कार्ड, वेगळा खर्च, आन इतका वेग भेटनच असंही नाई."

"हे शिंगं कायचे?"

"वायफायचे. सगळ्यात नवीन, सात नंबरचं."

"इथं सातले लाइन जाते."

मी डोकं धरलं. शेवटी बोट लॅनच्या दारावर गेलं. "आन हे दहापटवालं? याच्यात कोन?"

आता इथं मी अडकले. रिसोडच्या माझ्या गाळ्यात इंटरनेटची जी काही धार येते तिला साधं दार सुद्धा मोठं पडतं. दहापट वेगाच्या दारात घालायला माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि पुढंही असणार नव्हतं.

"कोनी नाई," मी म्हटलं.

"पाय!" काका असे खुलले की जणू मी परीक्षेत पास झाले. "या एका रिकाम्या दारापायी त्यानं आख्खं घर महाग करून ठेवलं. ज्या दारावर दाना नाई, त्याचा पैसा नाई द्याचा. ऐकून राह्यली ना?"

पुढचे दिवस हेच. मी शटर उघडलं की काका सोयाबीन घेऊन हजर. अखेर मी मधला बोर्ड घ्यायचं कबूल केलं. त्यांचं पटलं म्हणून नाही हो, जीव कावला म्हणून. शिवाय माझ्याकडं तेवढेच पैसे होते, हेही खरं. काका म्हणाले, "सौदा मीच करतो. तू मधात बोलू नको."

वाशीमचं दुकान एसीचं, काचेचं. काउंटरवरचा तरुण गडी फार सभ्य, दर वाक्यात सर आणि मॅडम. त्यानं दोन्ही खोकी पुढं ठेवली. काकांनी दुपट्टा पसरला आणि हात पुढं केला. गड्यानं कौतुकानं शेकहँड केला. काकांनी बोटं दाबली. तो हसला. काकांनी आणखी दाबली.

"काका, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

काकांनी पुन्हा भाव सांगितला.

"मॅडम, यांना घाम येतोय. शुगर उतरली असेल." त्यानं खणातून बिस्कीट काढून काकांच्या हातात ठेवलं. काकांनी ते दाढेखाली धरलं, दाबलं, आणि दुःखानं मान हलवली. "ओल धरेल हाये."

मी दुसरीकडं तोंड फिरवून हसत होते. मग काका म्हणाले, "बरं, माल तरी दाखवा. खोला."

"सर, सील आहे. बिल झाल्याशिवाय उघडता येत नाही. आणि रेट फिक्स आहे."

"बंद पोतं?" काकांचा आवाज चढला. "न पाहता? आन ह्या मोठ्यात असं काय हाये का दुप्पट मांगून राह्यले?"

"बाजूला फोटो आहे ना सर."

मी पर्समधून पैसे काढत होते. तेवढ्यात खच्‌ असा आवाज आला. वर पाहते तर परखी भारीतल्या बोर्डाच्या खोक्यात निम्मी शिरलेली. आमच्या नाही, भारीतल्या! काकांनी ती सवयीप्रमाणं फिरवली, बाहेर काढली आणि तळहातावर उपडी केली. हातात फोमचा चुरा, प्लास्टिकची ढलपी आणि एक बारीक सोनेरी तार पडली. काका त्या हाताकडं पाहतच राहिले.

"दाना नाई," असं इतक्या लहान आवाजात म्हणाले की माझा राग अर्धा तिथंच विझला.

खोकं उघडलं. परखी बाजूनं जी घुसली ती नेमकी लॅनच्या दारात. दहापटवालं दार आतून चेंदामेंदा. बाकी बोर्डाला ओरखडा नाही. गडी पांढराफटक पडला. "हा परत जाणार नाही. मालक माझ्याकडूनच..." मग त्यानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. काउंटरवर पडलेल्या दुपट्ट्याचं टोक त्यानं स्वतः उचललं आणि आपला हात त्याखाली घातला.

"काका, तुम्ही म्हणाल तसं. कमी करतो. पण हा घेऊन जा."

मी काकांना कोपरानं ढोसलं. करा आता सौदा! जन्मभराचा करा! आता तर दार मोडलेलं, कोणाच्याच कामाचं नसलेलं. त्या दारावर किती बोललो होतो आम्ही! काकांनी हात कापडाखाली घातला. कापड थोडं हललं. मग त्यांनी त्या गड्याचा हात धरून उजेडात बाहेर काढला, काउंटरवर ठेवला आणि वरून थोपटला.

"परखी लागली बाबू. आता भाव नाई."

मार्केटचा त्यांचा जुना कायदा होता. ज्याच्या परखीनं पोतं फाटलं, पोतं त्याचं, आणि तेही धन्याच्या भावानं. "तुह्या मालकाले सांग, माल चोख होता. परखी वाईट पडली." मधल्या बोर्डाचे माझे पैसे त्यांनी माझ्या हातातून घेतले, बंडीच्या आतल्या खिशातून स्वतःचे काढून त्यावर ठेवले आणि फिक्स रेटनं, एक रुपया न तोडता, बिल केलं. मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "चूप बस. सौदा मी करून राह्यलो."

परतीच्या एसटीत काका ते छिद्र पडलेलं खोकं मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या रस्त्यात एकदम म्हणाले, "पोरी, हात आला होता वं."

"काय?"

"दुपट्ट्याखाली. मार्केटातलं बंद झाल्यापासून पहिल्या बारीनं कोनी आपल्या मनानं हात घातला."

"मंग कराचा होता ना भाव!" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरनं वळून पाहिलं.

"कसा करू? परखी लागेल होती ना." दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "ते बिस्कीट ओलं होतं. त्याचाच तरास होऊन राह्यला."

घरी आल्यावर मशीन जोडलं, ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. टाइप-सीची दोन्ही दारं ठणठणीत. मानोऱ्याच्या लग्नाला एका मैत्रिणीची एसएसडी मागून आणली आणि सगळा माल त्या दारातून असा उतरला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. संध्याकाळी पडद्यावर नवरी दिसली, मामा रडले, आणि ती बाजू माझी झाली. काका कोणी न बोलावता पुढच्या खुर्चीत बसून शेजाऱ्याला सांगत होते, "हे महागाच्या दारातून आलं. मी नाई म्हनत होतो."

मोडक्या दारावर मात्र त्यांनी मालकी सांगितली. रोज सकाळी चहाचा सौदा तुटला की गाळ्यात यायचे, टेबलामागं वाकायचे आणि विचारायचे, "माह्यं दार कसं हाये?" मी म्हणायची, बरं हाये. एक दिवस त्यांनी खिशातून एक दाणा काढला, दाढेखाली धरून ओल तपासली, पुसला आणि त्या मोडक्या दारात अलगद बसवला.

"आता रिकामं नाई," म्हणाले.

काका गेले त्याला बराच काळ झाला. मला त्यांची फार आठवण येते, आणि खुर्चीतल्या छिद्राचा कापूस बाहेर आला की रागही येतो. काकू वरून हाक मारतात, चहाला बोलावतात. परवा म्हणाल्या, "दुसरा कप अजूनही रोज उरते. आता मांगाले कोनी नाई."

यंदा मी नवीन मशीन घेतलं. जुनं आसेगावच्या एका फोटोग्राफरला विकून टाकायचं ठरवलं. तो आला, एकेक दार तपासत मोबाइलच्या उजेडात मागं वाकला आणि ओरडला, "ताई, याच्यात सोयाबीन काहून हाये?" लगेच खिशातून पिन काढून कोरायला निघाला. मी त्याची पिन हिसकावून घेतली.

"ते राहू दे."

"बरं. पन हे दार त कामाचं नाई. त्याचे पैसे कमी करा."

मी तोंड उघडणार तोच जिन्यावरून काकू उतरल्या. हातात काकांचा दुपट्टा होता, धुऊन घडी घातलेला. त्यांनी तो उलगडला, त्या फोटोग्राफरसमोर धरला आणि म्हणाल्या, "आन रे हात."

तो बिचारा माझ्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, "दे बापा, काई नाई करत." त्यानं हात घातला. काकूंचं तोंड रस्त्याकडं, चेहऱ्यावरची रेष हलेना. थोडा वेळ कापड वळवळलं. मग काकूंनी हात काढून घेतला.

"नाई जमत. तुटला सौदा."

"पन मावशी, मी त काईच नाई म्हनलं!"

"जाय घरी," काकू म्हणाल्या.

तो गेला. काकू टेबलाला धरून हळूहळू मागं वाकल्या. "मले बराबर दिसत नाई वं," म्हणाल्या. "दाना हाये ना जाग्यावर?"

मी बॅटरी मारली. "हाये काकू."

"मंग चाल वर. चहा ठेवला हाये, दुसरा कप तू घे."